कॅसलिंग झालं, आता काय?

बुद्धिबळात नवीन माणसाला सगळ्यात अवघड जागा कुठली असं कुणी मला विचारलं तर मी चेकमेट किंवा एंडगेम (थोड्या सोंगट्या उरल्यावरचा शेवटचा खेळ) नाही म्हणणार, मी म्हणेन दहावी-बारावी चाल. म्हणजे बघा, घोडे बाहेर आलेत, उंट बाहेर आलेत, राजा कॅसलिंग करून, म्हणजे हत्तीसोबतच्या त्या एका खास चालीने, कोपऱ्यात बसलाय, समोरच्यानेही अगदी तेच केलंय, कुठे शह नाही, कुणाचं काही मरत नाहीये, फुकट काही मिळत नाहीये आणि घड्याळ मात्र चालू आहे. आता काय खेळायचं? इथपर्यंत कसं यायचं ते सगळे शिकवतात, मधला भाग काबीज करा, सोंगट्या लवकर बाहेर काढा, राजा सुरक्षित करा, पण त्याच्यापुढे "आता प्लॅन करा" एवढंच सांगून सोडून देतात, आणि प्लॅन करायचा म्हणजे नक्की डोक्यात काय करायचं हे कळायला मला बराच काळ लागला. तेच सगळं लिहून काढतेय, माझ्यासारखं मोठ्या वयात शिकायला बसलेल्या कुणाला तरी उपयोग होईल.

मी इंदूरची, राजेंद्रनगरला राहते, चाळिशी जवळ आलीय, एका कंपनीत अकाउंट्सला आहे. सोंगट्या कशा चालतात ते लहानपणी आजोबांनी शिकवलं होतं पण ते देशी पद्धतीनं, म्हणजे प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर पुढे जायचं, आमच्याकडे जुन्या घरांमधून तसंच खेळायचे. मग शाळा, कॉलेज, नोकरी, घर यात ते सुटलं ते सुटलंच. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश सिंगापूरला अठराव्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियन झाला तेव्हा छान वाटलं, पेपर वाचला, झालं. पण जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बाटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकला, फायनलला समोर कोनेरू हंपी, दोघी भारतीय, टायब्रेकपर्यंत गेलेली मॅच आणि त्या एका विजयाने एकोणीस वर्षांची मुलगी थेट ग्रँडमास्टर, तेव्हा आमच्या नात्यातले अर्धे लोक नागपूरचे असल्यामुळे घरातल्या ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही नव्हतंच, आणि मी माळ्यावरून पट काढला.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवर अकाउंट उघडलं, रोज रात्री जेवण झालं की पझल्स. पझल्स फार चांगली गोष्ट आहे, त्याने डोळा तयार होतो, फोर्क (एका सोंगटीचा एकदम दोघांवर हल्ला) दिसायला लागतो, पिन (मागच्या सोंगटीमुळे बांधली गेलेली सोंगटी) दिसायला लागते. पण पझलमध्ये एक गोष्ट आधीच माहीत असते, की इथे काहीतरी आहे. खऱ्या डावात हे कुणी सांगत नाही. आणि बहुतेक वेळ तिथे "काहीतरी" नसतंच, शांत पोझिशन असते, आणि शांत पोझिशनमध्ये काय करायचं याचं उत्तर पझलमध्ये मिळत नाही. त्यामुळे माझं पझलचं रेटिंग वर वर जात होतं आणि डावात मात्र बाराव्या चालीला मी पटाकडे नुसती बघत बसलेली असायची.

आमच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक काका आहेत, रिटायर्ड, तरुणपणी बऱ्याच स्पर्धा खेळलेले. त्यांना कळलं की मी खेळते तर म्हणाले रविवारी सकाळी येत जा, पोहे-जिलबी मी आणतो. तर पहिल्याच रविवारी आमचा डाव अशाच जागी आला, सगळं बाहेर काढून झालेलं, आणि मी थांबले. काकांनी दोन मिनिटं वाट बघितली मग विचारलं,

"काय शोधतेयस?"

"चांगली चाल."

"चाल नंतर शोध. आधी मला सांग तुला पटाच्या कुठल्या बाजूला खेळायचंय, डाव्या, उजव्या की मध्ये?"

मला सांगता येईना. तेव्हा त्यांनी जे केलं ते मी आजपर्यंत करतेय, आणि या सगळ्या लिखाणातून कुणी एकच गोष्ट उचलायची ठरवली तर ही उचला. त्यांनी पटावरच्या सगळ्या सोंगट्या काढून बाजूला ठेवल्या, वजीर, हत्ती, उंट, घोडे, सगळं. राहिले दोन राजे आणि प्यादी. आणि म्हणाले, आता बघ. राजवाड्याला जायचं तर गल्ल्या आधीच ठरलेल्या आहेत ना, गाडी नवी घेतलीस म्हणून काय भिंतीतून जाणार आहेस? प्यादी म्हणजे त्या भिंती. कुठली गल्ली मोकळी आहे, कुठली बंद आहे, ते आधी बघ, गाडी कुठली न्यायची ते मग ठरव.

नुसती प्यादी बघितली की खरंच पट वेगळा दिसतो. बाकीच्या सोंगट्या आज इथे उद्या तिथे, पण प्यादं मागे येत नाही, ते जिथे गेलं तिथे त्याचा परिणाम राहतो, म्हणूनच प्यादी हा खेळाचा आत्मा आहे असं फ्रेंच खेळाडू फिलिडोरने १७४९ सालीच लिहून ठेवलं होतं. हे वाक्य मी आधी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि पटावर दिसणं वेगळं.

पहिला नमुना काकांनी दाखवला तो फ्रेंच डिफेन्सचा, ही काळ्याची डाव सुरू करायची एक पद्धत. (घरांच्या नावात अक्षर म्हणजे पांढऱ्याच्या डावीकडून उभी रांग आणि आकडा म्हणजे पांढऱ्याकडून आडवी रांग.) पांढऱ्याने ई४, काळ्याने ई६, मग डी४, डी५, आणि पांढऱ्याने ई५ करून पुढे ढकललं. आता मधली प्यादी एकमेकांत अडकली, पांढऱ्याची डी४-ई५ आणि काळ्याची ई६-डी५. काका म्हणाले पांढऱ्याची साखळी कुठल्या दिशेला बोट दाखवतेय? डी४ वरून ई५, म्हणजे तिरकी वर उजवीकडे, काळ्याच्या राजाच्या बाजूला. तिकडे पांढऱ्याला जागा जास्त आहे, सोंगट्या फिरवायला घरं जास्त आहेत, म्हणून पांढऱ्याने तिकडे खेळायचं. आणि काळ्याची साखळी ई६ वरून डी५, म्हणजे दुसऱ्या बाजूला, वजिराच्या बाजूला, म्हणून काळ्याने तिकडे खेळायचं. आता काळा नक्की काय करणार? साखळीच्या टोकाला धडका मारून उपयोग नाही, ती मुळाशी तोडायची, मूळ आहे डी४, म्हणून सी५, मग घोडा सी६, वजीर बी६, सगळ्यांचं लक्ष्य एकच, डी४. साखळीवर मुळाशी हल्ला करा हे आरोन निम्झोविचने शंभर वर्षांपूर्वी नीट मांडलं, तो रीगाचा, १८८६ चा जन्म. मला हे ऐकून जो आनंद झाला तो सांगता येणार नाही, कारण सी५, घोडा सी६, वजीर बी६ या चाली मी ओपनिंगच्या व्हिडिओत बघितल्या होत्या, पाठही होत्या, पण त्या तिन्ही एकाच घराकडे बघतायत हे तोपर्यंत दिसलंच नव्हतं. पाठ केलेल्या तीन चालींचा एकदम एक विचार झाला. प्लॅन म्हणजे हेच, तीन-चार चाली ज्यांचं काम एक आहे.

आणि हे "तीन-चार" फार महत्त्वाचं आहे. माझ्या डोक्यात प्लॅन म्हणजे पंधरा-वीस चालींचं काहीतरी भव्य असं होतं, ग्रँडमास्टर लोक शेवटपर्यंत बघतात असं आपण ऐकलेलं असतं. पण नेदरलँड्सच्या डी ग्रूट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मोठ्या आणि साधारण खेळाडूंना एकच पोझिशन दाखवून मोठ्याने विचार करायला सांगितलं होतं, तर मोठे खेळाडू फार जास्त लांबचं मोजत होते असं निघालं नाही, त्यांना पोझिशन बघितल्या बघितल्या योग्य गोष्ट दिसत होती. हे वाचून मला फार हुरूप आला. लांबचं मोजणं या वयात किती जमेल माहीत नाही, पण बघायला शिकता येतंच ना.

दुसरा प्रश्न काकांचा ठरलेला. प्यादी बघून झाली की विचारायचे, "तुझी सगळ्यात दुःखी सोंगटी कुठली?" त्यांचा शब्द दुःखीच. फ्रेंच मध्ये काळ्याचा सी८ चा उंट दुःखी, कारण तो पांढऱ्या घरांवरून चालतो आणि त्याचीच प्यादी ई६ आणि डी५ या पांढऱ्या घरांवर ठाण मांडून बसलीयेत, बिचाऱ्याला बाहेर बघायलाच मिळत नाही. मग बी६ करून उंट ए६ ला आणायचा आणि पांढऱ्याच्या चांगल्या उंटाशी बदलून टाकायचा, हा सुद्धा एक पूर्ण प्लॅन आहे, दोनच चालींचा, पण प्लॅन आहे. काही सुचत नसेल तेव्हा सगळ्यात वाईट जागी असलेली सोंगटी सुधारा, हा नियम बाकूच्या व्लादिमीर माकोगोनोव्हच्या नावाने ओळखला जातो, आणि माझ्या मते नवशिक्यासाठी याच्याइतका वापरायला सोपा नियम दुसरा नाही. कारण यात काही मोजायचं नसतं, फक्त प्रामाणिकपणे राजा आणि प्यादी सोडून आपल्या सातही सोंगट्यांकडे एकेक करून बघायचं असतं.

हा नियम हातात बसला तो इटालियन ओपनिंगमध्ये. मी पांढऱ्याकडून तेच खेळते, ई४ ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४, उंट सी५, आणि मग शांतपणे सी३ आणि डी३. आधी मला सी३ कशाला ते कळायचं नाही, घोड्याची जागा आपणच अडवतोय असं वाटायचं. आता प्रश्न विचारत गेले. सी३ मुळे पुढे कधीतरी डी४ ढकलता येईल, मधली जागा मिळेल, हे एक. सी४ चा उंट कुणी हाकलला तर बी३ आणि तिथून सी२ ला शांतपणे जाऊन बसेल, हे दोन. मग दुःखी कोण? बी१ चा घोडा. सी३ बंद आहे म्हणून तो डी२ ला येतो, तिथे तो आपल्याच उंटाला अडवतो, म्हणून तिथे राहायचं नाही. हत्ती एफ१ वरून ई१ ला सरकवायचा, एफ१ रिकामं झालं की घोडा तिथे, मग जी३, आणि तिथून एफ५ वर डोळा. चार चाली एकाच घोड्याच्या! ओपनिंगमध्ये एकच सोंगटी पुन्हा पुन्हा हलवू नका हे पाठ केलेल्या माणसाला हे आधी पचत नाही. पण मध्ये सगळं बंद आहे, दोघांनाही घाई नाही, तेव्हा हा फिरायला वेळ मिळतो. मध्ये उघडं असतं तर नसता मिळाला. हे कळलं तेव्हा ओपनिंगचे नियम आणि प्लॅन यांच्यातलं नातंही कळलं.

मग काका एक दिवस म्हणाले, "हे सगळं छान, पण तू एकटीच खेळतेयस का?" आणि पट चक्क फिरवून काळी बाजू माझ्याकडे केली. आता तू काळी, तुझा काय प्लॅन? काळ्यालाही डी५ करायचंय, तसंच जसं मला डी४ करायचंय. उंट जी४ ला आणून माझा एफ३ चा घोडा बांधायचाय. मग पांढऱ्याची एच३ ही चाल, जी मला फालतू वाटायची, ती का येते ते लगेच दिसलं. लिचेसवर पट फिरवायचं बटण असतं, मी आता विश्लेषण करताना अर्धा वेळ उलटा पट ठेवून बघते. समोरच्याला चाल मिळाली, सलग दोन मिळाल्या, तर तो काय करेल, एवढं विचारलं की अर्ध्या गोष्टी आपोआप उघड होतात.

तोपर्यंत मी ब्लिट्झ पूर्ण बंद केलं होतं. तीन मिनिटांच्या डावात प्यादी बघायला, दुःखी सोंगटी शोधायला वेळच नसतो, तिथे हात चालतो, डोकं नाही. पंधरा मिनिटं अधिक दर चालीला दहा सेकंद, एवढा वेळ मला बरोबर पडतो. ऑफिसातून आल्यावर एकच डाव, पण नीट. आणि एक वही केली. डाव संपला की ज्या जागी मी थांबले होते ती पोझिशन परत लावायची आणि वहीत आपल्या शब्दात लिहायचं, मोकळी फाईल (उभी रांग) कुठली, कमजोर प्यादं कुणाचं, कुठलं घर असं आहे जिथे समोरच्याचं प्यादं माझ्या घोड्याला हाकलूच शकत नाही, माझा प्लॅन काय, त्याचा काय. हे लिहून झाल्याशिवाय इंजिन, म्हणजे चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम, लावायचं नाही. हा नियम माझा स्वतःचा आणि मी तो कडक पाळते, कारण स्टॉकफिश हे इंजिन सांगतं की ही चाल अधिक शून्य दशांश चार, पण का ते सांगत नाही, आणि आकडा एकदा बघितला की स्वतःचा विचार तिथेच थांबतो. आधी स्वतः लिहिलं असेल तर मात्र इंजिनशी भांडता येतं, तुझी चाल चांगली असेल पण माझ्या प्लॅनमध्ये काय कमी होतं ते दाखव, मग पुढच्या चाली चालवून बघायच्या.

मोठ्या खेळाडूंचे डाव बघायचे तर कुणाचे, यावर काकांचं मत ठाम आहे, कापाब्लांका आणि कार्पोव्ह हे दोन जुने वर्ल्ड चॅम्पियन, कारण त्यांच्या डावात प्लॅन नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आणि तिसरं नाव ते फार प्रेमाने घेतात, मीर सुलतान खान. पंजाबचा माणूस, देशी नियमांनी शिकलेला, माझ्या आजोबांसारखंच प्यादं एकेक घर चालवणारा, १९२९ मध्ये इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश चॅम्पियन झाला, पुन्हा १९३२ आणि १९३३ ला झाला, मध्ये हेस्टिंग्जला कापाब्लांकालाही हरवलं. ओपनिंगच्या ज्ञानात तो युरोपातल्या लोकांपेक्षा मागे होता, त्याचं बळ मधल्या खेळात आणि एंडगेममध्ये. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने २०२४ मध्ये त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं. मला हे ऐकून फार बरं वाटतं, की ओपनिंग कमी येत असताना नुसत्या समजेवर माणूस तिथवर गेला. त्याच्या प्रतिभेशी आपली तुलना नाही हे उघड आहे, पण नवीन माणूस ओपनिंगच्या वीस-वीस चाली पाठ करण्यात जो वेळ घालवतो त्यातला निम्मा मधल्या खेळाला द्यावा असं मला मनापासून वाटतं.

आता ज्या प्लॅनने मला सगळ्यात जास्त शिकवलं त्याबद्दल. इटालियन सोडून काकांनी मला डी४ खेळायला लावलं, डी४ डी५, सी४ ई६, घोडा सी३, घोडा एफ६, आणि मग पांढऱ्याच्या सी प्याद्याने डी५ चं प्यादं मारायचं, काळ्याने ई प्याद्याने परत मारायचं. प्याद्यांच्या या रचनेला कार्ल्सबाड स्ट्रक्चर म्हणतात, कार्ल्सबाड म्हणजे आताच्या चेकमधलं कार्लोव्ही व्हारी हे गाव, तिथे १९०७ ते १९२९ या काळात चार मोठ्या स्पर्धा झाल्या होत्या. सोंगट्या काढल्या, प्यादी बघितली. वजिराच्या बाजूला पांढऱ्याची दोन, ए आणि बी. काळ्याची तीन, ए, बी आणि सी. मी म्हटलं काळा तिकडे जास्त आहे, म्हणजे तिकडे काळ्याने खेळायचं. काका म्हणाले उलट, तिकडे तू खेळायचंस, दोन प्याद्यांनी तिघांवर चाल करून जायचं. याला मायनॉरिटी अटॅक म्हणतात. हत्ती बी१ ला, प्यादं बी४, गरज पडली तर ए४, मग बी५, आणि बी ने सी६ ला मारायचं. काळ्याने बी प्याद्याने परत मारलं की त्याचं सी६ चं प्यादं एकटं, मागे राहिलेलं, आणि समोर सी फाईल मोकळी, माझा हत्ती सी१ वरून थेट त्याच्यावर बघतोय. माझं एक प्यादं गेलं, त्याचंही गेलं, संख्या तेवढीच, पण त्याच्याकडे आता एक दुखरी जागा तयार झाली जी डाव संपेपर्यंत जात नाही.

मला हे पटायला वेळ लागला कारण तोपर्यंत प्लॅन म्हणजे राजावर हल्ला किंवा काहीतरी जिंकणं असंच डोक्यात होतं. इथे काहीच जिंकायचं नाहीये. फक्त समोरच्याच्या घरात एक कमजोरी तयार करायची. पहिला अधिकृत वर्ल्ड चॅम्पियन स्टाइनिट्झ, १८८६ चा, त्याने हेच मांडलं की छोटे छोटे फायदे गोळा करत जा, हल्ला करण्याचा हक्क त्यातूनच मिळतो. काकांनी हे सांगितलं तेव्हा मला वाटतं पहिल्यांदा मला या खेळाची खरी गोडी लागली, पझल सुटल्याचा आनंद वेगळा, हा वेगळा, जास्त सावकाश आणि जास्त टिकणारा.

मग मी एका छोट्या रॅपिड स्पर्धेत नाव दिलं, एका शाळेच्या हॉलमध्ये होती, बरीचशी मुलंच. एका डावात माझ्यासमोर सातवी-आठवीतली एक मुलगी आली, मी पांढरी, आणि डाव बरोबर कार्ल्सबाडमध्ये गेला. सगळं ओळखीचं. कॅसलिंग झालं, हत्ती बी१ ला ठेवला. तिने ए५ केलं, बी४ अडवायला. मी ए३. तिने सोंगट्या माझ्या राजाकडे वळवायला सुरुवात केली, घोडा एफ८ वरून जी६. मी मनात पट फिरवून बघितलं, तिला ई४ ला घोडा बसवायचाय आणि मग राजावर यायचंय, तिचा प्लॅन बरोबर आहे, माझाही बरोबर आहे, आता लवकर कोण पोचतं. बी४, प्यादी बदलली गेली, बी५, सी६ वर मारामारी झाली, आणि ते एकटं प्यादं तयार झालं. मी सी३ चा घोडा ए४ ला नेला, तिथून सी५ वर. तेवढ्यात तिचा घोडा ई४ ला आला, एकेक उंट आपसात बदलला गेला, आणि मला ठरवायचं होतं की त्या घोड्याला उरलेल्या उंटाने मारायचं का. मारलं तर तिचं डी५ चं प्यादं ई४ ला येणार, म्हणजे रचनाच बदलणार.

आधीची मी असते तर सी६ च्या मागेच लागले असते, कारण प्लॅन तोच होता. पण काकांचं एक सांगणं पक्कं बसलंय, एक प्यादं जरी बदललं गेलं, सरकलं, तरी थांब आणि सगळे प्रश्न पहिल्यापासून विचार. थांबले. ई४ ला आलेलं प्यादं आपल्या माणसांपासून लांब आहे, त्याला राखायला तिला सोंगट्या लावाव्या लागतील. सी६ लाही लावाव्या लागतायत. म्हणजे दोन जागा. एका कमजोरीला माणूस सांभाळून घेतो, दोन लांब लांब असल्या की सोंगट्या पुरत नाहीत, हे कार्पोव्हच्या डावांत बघितलेलं होतं. मारलं. घोडा एफ३ वरून डी२ ला, ई४ वर डोळा, हत्ती सी फाईलवर. तिला पाच-सहा चालींनंतर दोन्ही धरून ठेवता येईनात आणि सी६ पडलं. पुढे हत्तींचा एंडगेम आला, माझं एक प्यादं जास्त, पण घड्याळात अगदी थोडा वेळ उरला होता, मी बरोबरी विचारली, ती हो म्हणाली. तिच्या वडिलांनी नंतर येऊन विचारलं की ताई तुम्ही कुणाकडे शिकता. अर्धा गुण मिळाला, पण त्या डावातली माझी जवळपास प्रत्येक चाल मी आजही कारणासकट सांगू शकते आणि हे मला त्या अर्ध्या गुणापेक्षा खूप मोठं वाटतं.

रविवारी काकांना तो डाव दाखवला. त्यांनी एंडगेमबद्दल काही म्हटलं नाही, उंटाने घोडा मारला त्या जागी पट लावला आणि म्हणाले, इथे किती वेळ घेतलास? म्हटलं सगळ्यात जास्त इथेच. म्हणाले वेळ इथेच घ्यायचा असतो.

सध्या आम्ही तेच स्ट्रक्चर काळ्याकडून बघतोय. माझं मत होतं की काळ्याने सरळ राजावर जावं, पण काकांनी दोन गोष्टी दाखवल्या ज्या मला जास्त आवडल्यात. एक म्हणजे एफ६ चा घोडा फिरवून डी६ ला आणायचा, तिथून तो बी५, सी४ आणि ई४ या तिन्ही घरांवर बघतो, म्हणजे पांढऱ्याला बी५ ढकलणं अवघड जातं आणि ई४ चा दरवाजाही आपल्याकडे राहतो. दुसरी म्हणजे पांढऱ्याने बी४ केलं की काळ्याने स्वतःच बी५ करून टाकायचं. सी६ चं प्यादं त्याने मागे राहतं, हो, पण डी७ चा घोडा बी६ मार्गे सी४ ला जाऊन बसला की सी फाईलच बंद होते, आणि ज्या हत्तींसाठी पांढऱ्याने एवढा खटाटोप केला ते बंद वाटेवर नुसते उभे राहतात. कुठल्या वेळी कुठलं करायचं हे ए फाईल कुणाच्या हातात आहे त्यावर ठरतं असं काका म्हणतात, आणि ते मला अजून नीट दिसत नाहीये, म्हणून या आठवड्यात रोज रात्री तीच पोझिशन दोन्ही बाजूंनी लावून बसतेय.